उलट्या पट्ट्या

पडद्यावरचा हवालदार छातीत गोळी लागून कोसळला आणि मला त्याच्या बाहीवरच्या पट्ट्या दिसल्या. तिन्ही उलट्या. आमच्या सैन्यात पट्ट्यांची टोकं खाली असतात. याची वर होती. संगीत चढत होतं, झेंडा फडकत होता, स्टुडिओच्या छोट्या थिएटरात बसलेली माणसं डोळे पुसत होती. मी मात्र थिजून गेले. हा गणवेश बाबांच्या नजरेखालून गेला होता.

बाबा स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे युद्धपटांसाठी गणवेश तपासू लागले. कुठल्या हुद्द्याच्या खांद्यावर काय, आधी सलाम कुणी ठोकायचा, यात त्यांची चूक आजवर कुणी काढली नव्हती. घरी दुसऱ्यांचे सिनेमे ते आम्हाला धड पाहू देत नसत. ‘हा बघा, दाराबाहेर मेजर होता, आत येईतो कॅप्टन झाला. एवढ्यात काय गुन्हा केला बिचाऱ्यानं?’ पण कुणी मरू लागला की ते चहा ठेवायला उठत. देशप्रेमाच्या भाषणांचा त्यांना कंटाळा असावा, असं आम्ही धरून चाललो होतो. आईनं त्याला ‘हुतात्म्याचा चहा’ असं नावच पाडलं होतं.

गेल्या महिन्यात बाबा गेले. हा त्यांचा शेवटचा सिनेमा.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. काही माजी सैनिकांना सिनेमा आधी दाखवला होता आणि पट्ट्यांवरून ते भडकले होते. संगणकावर त्या सरळ करून घेता येतील, म्हणजे बाबांच्या नावाला बट्टा लागणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ‘शेवटी वय झालं होतं, ताई,’ तो समजुतीनं म्हणाला.

वय झालं होतं हे मला पटेना. मी तडक मागच्या शिवणखोलीत गेले. गणवेश शिवणाऱ्या मावशींनी मशीन थांबवलं. बाबांनी हे पाहिलंच नाही का, असं मी विचारलं.

‘पाहिलं नाही कसं? सरळ लावलेल्या उसवून त्यांनीच उलट्या लावल्या. दर सिनेमात लावायचे, मरणाऱ्याच्या तेवढ्या. चिखलात, धुरात खपून जायचं. या वेळी कॅमेरा जवळ गेला.’

मावशी म्हणाल्या, पहिल्या वेळी त्या बाबांवर चिडल्याच होत्या, हवालदार, माझी नोकरी घालवाल म्हणून. तेव्हा बाबा सुई हातात धरून म्हणाले होते, ‘सरळ पट्ट्यांत मरताना एकाला पाहिलंय. बढती मिळाली म्हणून आदल्या दिवशी मीच शिवून दिल्या होत्या त्याला. आता मेलेल्याच्या बाहीवर पुन्हा तशा सरळ शिवणार नाही.’

युद्धावरची इतकी पुस्तकं मी वाचली. प्रत्येक वेळी बाबांना विचारलं, खरंच असं असतं का? ते बुटांविषयी सांगायचे. बूट ओले झाले की पायांचे कसे हाल होतात, एवढंच. या माणसाबद्दल आमच्या घरात कधी एक शब्द निघाला नव्हता.

परत जाऊन मी दिग्दर्शकाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘पट्ट्या राहू द्या. श्रेयनामावलीत त्यांचं नावही राहू द्या.’

‘लोक त्यांना हसतील, ताई.’

‘हसू देत.’

त्यानं होकारार्थी मान हलवली.

सिनेमा लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले. तिला घरीच सगळं सांगितलं होतं. हवालदार कोसळला. मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला मोठ्यानं म्हणाला, ‘पट्ट्या उलट्या आहेत बघ. तपासणारा झोपला होता की काय?’

मी आईचा हात धरायला गेले, तर ती उठून उभी राहिली होती.

‘चहा घेऊन येते,’ ती म्हणाली आणि अंधारात वाट काढत बाहेर गेली.