मांडणीमागचा डबा

"डावीकडून ये! अरे, मागं बघ की!" असा आरडाओरडा सुनेच्या खोलीतून सुरू झाला, की चंद्रभागाबाईंच्या हातातलं काम थांबायचं. खोलीत राधिका तर एकटीच! मग ही ओरडते कोणावर? साखरा गावात कोणाच्या घरी काय शिजतंय ते बाईंना घरबसल्या कळायचं, आणि स्वतःच्या घरातलं हे कोडं मात्र सुटत नव्हतं.

रविवारी दुपारी मुलगा शिवहार शेताकडं गेला तशा त्या सरळ आत जाऊन सुनेशेजारी बसल्या.

"काय गं, कोणाशी भांडून राहिलीस?"

"भांडत न्हाई, आत्याबाई. भागवतसोबत खेळून राहिले."

भागवत हा तिचा धाकटा भाऊ, नोकरीला हैदराबादेत. टीव्हीवर दोन गडी चेंडूमागं धावत होते. लाल सदऱ्यातला भागवत आणि पिवळ्यातली राधिका.

"तो तिकडं, तू इकडं, आन् दोघं एका मैदानात? कसं काय?"

"बाहेरच्या खोलीत तो इंटरनेटचा डबा हाय ना, तो ह्या खेळाच्या मशीनला तिकडं जोडून देतो."

"भिंतीतून? आन् पाऊस आला तर? मधी म्हैस उभी राहिली तर?"

राधिका हसली, पण तेवढ्यात पिवळा गडी पाय उचललेलाच थिजला. तिचं तोंड एवढंसं झालं.

"आता थोड्या वेळात आमची स्पर्धा हाय. ह्या अडकण्यापायी दोनदा हरलो. आज बी असंच झालं तर भागवत दुसरा जोडीदार घेणार. मग त्याचं माझं रोजचं बोलणं बी संपलंच."

"पण अडकतंय काहून?"

राधिकानं बाहेरच्या मांडणीकडं पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. पोरगी काहीतरी गिळतेय, हे बाईंना बराबर कळलं. त्या उठून मांडणीपुढं उभ्या राहिल्या. डबा मागं होता. समोरच्या भिंतीवर वायरी बऱ्या दिसत नाहीत म्हणून त्यांनीच तो तिथं बसवायला लावला होता. पुढं त्यांच्या माहेरचा पितळी हंडा, घागरी, पराती.

"ह्या भांड्यांनी?"

"व्हय. पितळेतून नीट जात न्हाई. पण तुमची भांडी हलवा, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

हंड्यावर अक्षरं कोरलेली होती, 'बंधू सटवाजीकडून सप्रेम भेट'. "घे आक्का," म्हणत सटवाजीनं तो गाडीतून उतरवला होता. सटवाजी जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीला चिंचेनं घासण्यापुरता सोडला तर हंडा जागचा हलला नव्हता. आलेल्यागेलेल्याला बाई तो आवर्जून दाखवायच्या.

त्यांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं.

"धर एक कान," त्या म्हणाल्या.

हंडा खाली आला. मागोमाग घागरी आणि पराती. मांडणी भुंडी दिसायला लागली आणि बाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण आत पिवळा गडी असा सुटला की पार गोलापर्यंत थांबला नाही. राधिकानं किंचाळत कानावरचं यंत्र काढून सासूच्या कानाला लावलं.

"आक्का," भागवतचा आवाज आला, अगदी जवळून, "आता नीट येऊन राहिलं का?"

त्या हाकेनं बाईंना कितीतरी वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. डोळे भरून आले.

"व्हय रे," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"