लावलेलंच बटण

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण दुरून ऐकण्यासारखी नाही.

मुलीनं कुत्र्याच्या कवटीतल्या पोकळीत कोमट सलाइन हळूच सोडलं. मेंदूतली गाठ काढून झाली होती. आता पोकळी काठोकाठ भरायची, पाण्यात सोनोग्राफीचा प्रोब टेकवायचा आणि मागे काही उरलंय का ते पडद्यावर पाहायचं. प्राण्यांच्या या दवाखान्यात हे काम तिचंच. फक्त आज टेबलावर घरचा कुत्रा होता, बाबांचा.

पडद्यावरच्या काळ्या पाण्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका दिसला.

"बुडबुडा असेल," ती म्हणाली.

"असेल. थांबू या," सर्जन म्हणाले.

बुडबुडा असता तर वर आला असता. तिनं पाणी शोषून घेतलं, पुन्हा भरलं. "देवा, बुडबुडाच असू दे रे," मास्कआड तिचे ओठ हलले. ठिपका जागचा हलला नाही. त्याला अगदी खेटून मोठी रक्तवाहिनी ठोके देत होती.

सर्जननी चिमटा खाली ठेवला. "तिथे हात घातला तर टेबलावरच जाईल. बंद करतो. काही महिने मिळतील त्याला."

बाहेर बाकावर बाबा बसले होते. गेल्या वर्षीच्या, डोक्यातल्या गाठीच्या ऑपरेशनचा व्रण लोकरी टोपीखाली झाकलेला. कुत्र्याला ते जावई म्हणत. बसून खातो आणि वर रुसतो, म्हणून. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "त्याचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या गोळ्याही बंद."

संध्याकाळी ती त्यांना आत घेऊन गेली. जमिनीवरच्या गादीवर कुत्रा पडला होता, डोकं भादरलेलं, टाके घातलेलं.

"काय म्हणतायत जावईबापू?"

"घोरतायत. सासऱ्यांवर गेलेत."

बाबा हसले. मग विचारलं, "गाठ?"

"सगळी निघाली, बाबा."

बोलता बोलता तिनं वाकून कुत्र्याचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. ते गळ्यापर्यंतच होतं. मग तिचा हात बाबांच्या स्वेटरच्या वरच्या बटणाकडे गेला.

बाबा तिच्या बोटांकडे पाहत राहिले.

"लावलेलंच आहे गं ते," ते हलकेच म्हणाले. "मागच्या वर्षी मी शुद्धीवर आल्यावर तू हेच सांगितलंस, तेव्हाही लावलेलंच होतं."

तिची बोटं तिथंच थांबली.

बाबा भिंतीला धरून सावकाश खाली बसले. टोपी काढून त्यांनी गादीच्या कडेला ठेवली आणि आपलं डोकं कुत्र्याच्या डोक्याजवळ नेलं.

"ऐकलंत ना जावईबापू? तुमचीही सगळी निघाली म्हणे. अगदी माझ्यासारखी."

मायबाप, त्या दोघांना सांभाळणारा वर बसला आहे. तुम्ही आज दिवा मालवताना त्या मुलीची तेवढी आठवण ठेवा. ती अजून तिथंच उभी आहे, हात कुठे ठेवावेत ते न कळून.