धाप ओसरेपर्यंत

मित्रांनो, सुलतानपूरच्या बसथांब्यामागच्या गल्लीत, लिंबाखाली, एक उंच राखाडी गाडी उभी असते. टपावर लिंबोळ्या सांडलेल्या आणि आरशावर एखादी चिमणी आपल्याच रूपाशी भांडत बसलेली. ती जुनी गाडी म्हणजे मी. कोणी मला एसयूव्ही म्हणतं, कोणी फोर व्हीलर, आणि समोरच्या बनाबाई तर सरळ 'ते धूड' म्हणतात. मी कशालाच नाही म्हणत नाही. या वयात नावावरून रुसून बसणं शोभत नाही.

उभी असले की मी अर्धवट झोपेत असते. बोनेटखालचं लोखंड हळूहळू निवत जातं, मधूनच टिक असा आवाज होतो, आणि मग मला जुनं जुनं दिसायला लागतं. भलामोठा कारखाना दिसतो. ठिणग्या उडताहेत, साखळ्यांवरून माझं अंग पुढे पुढे सरकतंय आणि कोणीतरी माझ्या पोटात डिझेलचं इंजिन बसवतंय. त्या इंजिनाच्या कडेला शंखासारखं दिसणारं एक यंत्र होतं. त्याला टर्बो म्हणतात. सगळ्या गाड्यांच्या इंजिनातून गरम धूर बाहेर जातो आणि वाया जातो. माझा टर्बो त्या धुराकडून एक चिमुकलं चाक फिरवून घेतो आणि त्या जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. डिझेलही माझ्या इंजिनात सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून थेट फवारलं जातं. म्हणून तर एवढं अंग घेऊन मी चढावर हरणासारखी पळते. थोडी बढाई मारली, पण खोटी नाही.

त्या चिमुकल्या चाकाचं एक गुपित आहे. ते तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतं, भोवऱ्याहून कितीतरी वेगानं. लांबचा पल्ला मारून आलं की ते निखाऱ्यासारखं तापलेलं असतं. तेव्हा इंजिन दोनेक मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तेल वाहत राहतं आणि चाकाला निवायला सवड मिळते. झटकन किल्ली फिरवली, तर तेल जागच्या जागी थांबतं आणि जळतं. माणसाला धाप लागते, तशीच आम्हालाही लागते, मित्रांनो. फक्त आम्हाला ती बोलून दाखवता येत नाही.

माझे पहिले मालक शहरातले साहेब होते. "काय पळते!" म्हणून पाहुण्यांपुढे माझं कौतुक करायचे. वेळेवर तेल, वेळेवर फिल्टर, आंघोळीला फेसाचा साबण. पुढे नवी गाडी आली आणि मी इमारतीच्या तळघरात गेले. अंगावर कापड, कापडावर धूळ, आणि बॅटरीचा जीव गेलेला. तिथे मी किती झोपले, कोण जाणे. स्वप्नंसुद्धा अंधारीच पडायची.

एके दिवशी कापड निघालं. समोर एक तरुणी उभी होती. रंगाकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं बोनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली, तेल बोटांवर चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. ती सारिका. सुलतानपूरजवळच्या आरोग्य केंद्रात नोकरी करणारी, कचरूभाऊंची लेक. मला तेव्हा फार बरं वाटलं. आपली विचारपूस कोणी नाडी धरून केली, की वाटतं तसं. तिनं मला विकत घेऊन सुलतानपूरला आणलं.

आता कचरूभाऊंबद्दल सांगते. सुलतानपूर-मेहकर रस्त्यावर त्यांनी उमर उतारूंची काळीपिवळी जीप चालवण्यात घालवली. "कचरू डिझेलच्या वासावर गाडी चालवते," असं लोक म्हणायचे. थांबा दिसला की ते अलीकडेच किल्ली फिरवायचे. बंद गाडी घरंगळत घरंगळत जायची आणि बरोब्बर उतारूच्या पायाशी थांबायची. लोक वाहवा करायचे. त्या काळीपिवळीला टर्बो नव्हता, तिचं खपून गेलं. पुढे ती भंगारात गेली, पण भाऊंच्या हाताची सवय भंगारात गेली नाही.

सारिका दिवसभर नोकरीवर, म्हणून मला भाऊच चालवायचे. पहिल्याच उतारावर त्यांनी माझं इंजिन बंद केलं. माझं स्टेअरिंग असं दगडासारखं जड झालं, की भाऊंना घाम फुटला. तो प्रयोग तेवढ्यावरच थांबला. एकदा शेतातल्या पंपासाठी ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल ते माझ्यात ओतायला निघाले होते. सारिकानं हात धरला.

"बाबा, त्याच्यात माती हाय. इचे फवारे बारीक असतात, जाम होतीन."

"अवं, माह्या गाडीले मी कायबी पाजलं हाय."

"ते म्हैस होती बाबा. हे निवडून खाते."

मी मनातल्या मनात हसले. भाऊंनी तेवढं ऐकलं. पण "घरी आल्यावर दोन मिनिटं चालू ठेवत जा," हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. उभ्या गाडीत डिझेल जाळणं म्हणजे त्यांना अन्न नालीत टाकण्यासारखं वाटायचं. सारिकासमोर ते 'हाव' म्हणून मान डोलवायचे आणि ती आत गेली की किल्ली फिरवायचे.

आठवड्यातून दोनदा आम्ही बुलढाण्याला जायचो. मागच्या सीटवर ताहेराभाभी असायच्या. भाऊंचे दोस्त अकीलमियाँ, त्यांची ही बायको. अकीलमियाँ गेले आणि पाठोपाठ भाभींच्या किडन्या थकल्या. तेव्हापासून दवाखान्यातलं मशीन त्यांचं रक्त धुऊन देतं. मशीनवरची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. त्यांच्या घरी दुसरं कोणी नेणारं नव्हतं. म्हणजे त्यांचं जगणं माझ्या चार चाकांवर होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर त्या झोपायच्या. कडेनं सोयाबीनची हिरवी रानं वाहत असायची, काचेवर ऊन सरकत असायचं, टर्बो बारीक शीळ घालायचा आणि भाभींचा श्वास त्या शिळेत मिसळायचा. भाभींनी जन्मभर गोधड्या शिवल्या. मेहकरच्या आसपास जाग आली की त्या हळूच सांगायच्या, "कचरूभाऊ, आज सपनात मी ढगाले टाके घालून राह्यली होती. दोरा काही पुरेना."

"मंग?"

"मंग काय, तुमच्या गाडीचा आवाज ओढून घेतला. तोच दोरा केला."

असं कोणी आपल्याविषयी बोललं, की जुनं लोखंडही पाघळतं. मी आणखी सावकाश, आणखी गुळगुळीत चालायची.

पण घरी पोचलं, की भाऊंचा हात किल्लीकडे जायचाच. टर्बोच्या पोटात तेल करपायचं. तव्यावर दूध सांडून खरपुडी धरते ना, तशी एकेक पापुद्र्यानं काजळी धरत गेली. माझी शीळ बदलली. आधी ती पाखरासारखी होती, आता लांबून कोणी कण्हत असावं तशी झाली. एका रविवारी सारिकाला ते ऐकू आलं.

"बाबा, इचा आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"म्हातारी झाली. म्हातारपणी बोलतच असते गाडी," भाऊ म्हणाले. सारिका म्हणाली, पुढच्या रविवारी मेहकरला अन्वरमिस्त्रीला दाखवू. तो रविवार उजाडायच्या आतच व्हायचं ते झालं.

त्या सकाळी धुकं होतं. भाभींची मागची पाळी तापामुळे हुकलेली. पाय एवढे सुजलेले की चपला हातात घेऊनच त्या आत बसल्या. त्यांना आडवं पडवत नव्हतं, वाक्य पुरं करवत नव्हतं. चिखली सोडून आम्ही बुलढाण्याच्या रस्त्याला लागलो, चढ आला, आणि माझ्या शंखातलं चाक कचकन अडकलं. ताकद कुठल्या कुठे गेली. मागून काळा धूर निघाला. माझा जीव घाबरला, मित्रांनो. स्वतःसाठी नाही.

भाऊंनी मला कडेला घेतलं. बोनेट उघडलं, तेल पाहिलं, पाणी पाहिलं आणि अन्वरमिस्त्रीला फोन लावला.

"धूर काळा का निळा?" अन्वरनं विचारलं.

"काळा हाय."

"मंग तेल खाऊन नाही राह्यली. टर्बो जाम झाला. भाऊ, एक सांगा. गाडी थांबली की किल्ली लगेच बंद करता का?"

धुक्यातून एक ट्रक गेला.

"हाव," ते म्हणाले.

"तेच भोवलं. आता रेस करू नका. गरम होते का पाहत पाहत हळू न्या. निळा धूर दिसला तर जागीच उभी करा."

मागच्या सीटवर भाभी खिडकीच्या काचेला गाल लावून श्वास ओढत होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे. मग ते बसले. चपला काढल्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. एसी बंद केला. दुसरा गिअर टाकला. आणि माझ्या लक्षात आलं, की टर्बो नसलेली गाडी चढावर कशी न्यायची, हे या माणसाइतकं कोणालाच कळत नसेल. तो पाय घाई करत नव्हता आणि हलकाही पडत नव्हता. मागचे भोंगे वाजवत होते, मोटरसायकली आम्हाला मागे टाकत होत्या, एक म्हशींचा कळपसुद्धा बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालला. भाऊ स्टेअरिंगवर ओणवून पुटपुटत होते, "चाल वो माय. चूक माही हाय. तिची सजा भाभीले नको देऊ."

मी चालले. कशी चालले ते आजही सांगता येत नाही. धुकं, धूर आणि भाभींचा घरघरणारा श्वास एवढंच आठवतं. स्वप्नात पळायला जावं आणि पाय उचलू नयेत, तसा तो रस्ता होता.

दवाखान्याच्या दारात भाऊ भाभींना धरून तसेच आत धावले. मला बंद करायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी मला असं चालू सोडलं, आणि नेमका तेव्हा माझा टर्बो उरला नव्हता. मी आवारात घुरघुरत उभी राहिले. बऱ्याच वेळानं भाऊ आले, माझ्या पायरीवर बसले आणि फोन कानाला लावला. "घेतलं, सारिका. पाळी गेली होती, पण दुसऱ्या मशीनवर घेतलं भाभीले," एवढं बोलले आणि मग धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून रडले.

पुढे अन्वरच्या गॅरेजात माझा टर्बो उघडला गेला. अन्वरनं ते काळं, अडकलेलं चाक भाऊंच्या तळहातावर ठेवलं. मुठीत मावेल एवढंसं. भाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. सारिका शेजारीच उभी होती. ती रागावली नाही, आणि तेच भाऊंना जास्त लागलं असावं.

"बाबा, किल्ली द्या," ती म्हणाली. भाऊंनी दिली.

नवा टर्बो बसला, तेलाची नळी साफ झाली, तेल आणि फिल्टर बदलले. भाभींच्या दवाखान्याच्या पाळीला सारिकानं सुट्टी टाकली आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली. भाऊ लिंबाखाली पाठ करून उभे होते. भाभी दारापर्यंत आल्या, पण आत बसेनात.

"सारिका, तुह्या बापाले बोलाव."

"चाची, त्यायनंच गाडी बिघडवली ना?"

"हाव. अन् त्यायनंच बिघडलेली गाडी पोचवली. न बिघडलेली गाडी तं कोनीबी चालवते, बेटा."

सारिकानं किल्ली काढली. मग उतरली, लिंबाखाली गेली आणि किल्ली बापाच्या हातात ठेवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांचं मागणं फार नसतं. स्वच्छ तेल द्या, आवाज बदलला तर कान द्या, आणि दमून आलेल्याला एकदम विझवू नका. आणि हो, चुकलेल्या हातातून किल्ली काढून घेतलीत, तर कधीतरी ती परतही द्या.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीत शिरून भाऊंनी मला लिंबाखाली उभं केलं. हात सवयीनं किल्लीकडे गेला. तिथे तो थांबला, मागे आला आणि मांडीवर पडून राहिला. मी मंद घुरघुरत होते. शंखातलं नवं चाक सावकाश निवत होतं. मागे भाभी झोपल्या होत्या, बोटं मात्र हलत होती, कुठल्यातरी ढगाला टाके घालत असाव्यात. त्या सुरात मलाही गुंगी आली.

बनाबाई नळावरून बादली घेऊन येत होत्या. "काऊन हो कचरूभाऊ," त्या ओरडल्या, "उभ्या गाडीत डिझेल जाळून राह्यले? तुमी?"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बनाबाई," ते म्हणाले. "दोघीयले धाप लागली हाय."

बनाबाईंनी हातातली बादली आवाज न करता खाली ठेवली.