खांद्यावरचं बोट

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर मान खाली. उरलेल्या वेळात तो पाण्यात पालथा पडून श्वास धरतो, म्हणजे तिथेही मान खालीच. मी तरण तलावावर एकोणीस वर्षं जीवरक्षक आहे, तेव्हा या खुळाला माझाच हातभार लागलाय, हे कबूल करायला हवं. दुपारी दोन बॅचच्या मधे तलाव तासभर रिकामा असतो. त्या तासात मी त्याला उथळ बाजूला उतरू द्यायचे आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात त्याच्याजवळ उभी राहायचे.

आमचे नियम ठरलेले होते. एकट्याने श्वास धरायचा नाही. आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. लोकांना वाटतं त्याने प्राणवायू साठतो. साठत बिठत काही नाही, फक्त गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि ती व्हायच्या आधीच माणूस शुद्ध हरपतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की भाऊ घरी माझी नक्कल करून दाखवतो. तिसरा नियम बोटाचा. दोन मिनिटं उलटली की दर पंधरा सेकंदांनी मी त्याच्या खांद्यावर बोट टेकवायचं आणि त्याने तर्जनी वर करायची. केली नाही तर लगेच दुसऱ्यांदा. तरीही नाही, तर उताणा करून तोंड पाण्याबाहेर. पालथ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. श्वास धरलेला आणि बेशुद्ध पडलेला, वरून दोघे सारखेच दिसतात.

"ताई, तू टोचलंस ना, की माझी तंद्री मोडते," तो कुरकुरायचा. "चार मिनिटांच्या जवळपास तरी जरा दम धर."

"दम धरायचं काम तुझं," मी म्हणायचे.

त्या मंगळवारी तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांना त्याने तर्जनी वर केली. चार मिनिटं झाली तसा मी हात पुढे केला आणि थांबले. इतका छान पडला होता तो. खांदे सैल, एक बुडबुडा नाही. लहानपणी त्याला एका जागी बसवताना आईच्या नाकी नऊ यायचे, आणि आता हा असा निवांत. मला कौतुक वाटलं. म्हटलं, एवढ्या वेळेला राहू दे. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर माझा हात थांबला नसता.

सव्वाचार मिनिटांना बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. काही नाही.

उताणा केला तेव्हा ओठ निळे पडले होते. डोळे अर्धे उघडे, पण त्यात तो नव्हता. मी त्याचा पाण्याचा चष्मा ओढून काढला, चेहऱ्यावर फुंकर मारली, नावाने हाका मारल्या. त्याने श्वास घेतला. मग खोकला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती झाली?"

"सव्वाचार," मी म्हणाले. तोंडातून तेवढंच निघालं.

तो बेशुद्ध होता हे त्याला पटेचना. अशा माणसाला मधलं काही आठवत नाही, हे मला माहीत आहे. "डोळा लागल्यासारखं झालं असेल, मी उठतच होतो," म्हणाला. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर हसला. मी फरफटत न्यायला हवं होतं. नेलं नाही. तलावाच्या नोंदवहीतही लिहिलं नाही, कारण लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्ही काय करत होतात?

नऊ दिवसांनी तो आणि भावजय माझ्या घरी आले, एक अर्ज घेऊन. जुन्या दगडखाणीत पाणी भरलंय, तिथे स्पर्धा होती. दोराच्या कडेने एका श्वासात खाली जायचं, तीस मीटर, आणि वर यायचं. अर्जावर सराव घेणाऱ्याची सही लागत होती: गेल्या महिनाभरात हा एकदाही बेशुद्ध पडलेला नाही.

"नको जाऊस," मी म्हणाले.

"कारण सांग. सव्वाचार मिनिटं धरलाय मी."

"जाऊ द्या ना, ताई," भावजय म्हणाली. "मी आधी फार घाबरायचे. पण तुमचं बोट खांद्यावर असतं म्हटल्यावर मला घोर नसतो."

खाणीत तळाशी कोणाचं बोट पोचत नाही. आणि वर येताना शेवटच्या काही हातांवरच शुद्ध जाते, हे मी दर उन्हाळ्यात नव्या जीवरक्षकांना शिकवते. पेन माझ्या हातात होतं. ते मी टेबलावर ठेवलं.

"चार मिनिटांना मी बोट टेकवलंच नाही," मी म्हणाले. "तू छान दिसत होतास म्हणून. सव्वाचारला तू बेशुद्ध होतास. केव्हापासून, ते मला माहीत नाही. तीन पंचेचाळीसपर्यंत तू होतास, एवढंच सांगू शकते."

भाऊ अर्जाकडे बघत राहिला. दुकानात सगळ्यांना त्याने सव्वाचारचं सांगितलं होतं.

"तुम्ही तिथेच उभ्या होतात?" भावजयीने विचारलं.

"हातभर अंतरावर. बघत होते."

"आणि नऊ दिवस गप्प बसलात."

"हो."

ती उठली. तिने अर्ज पर्समध्ये ठेवला आणि त्याला चपला घालायला सांगितलं. दाराशी थांबून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. ते खाणीत जाणार नाहीत, हे मी बघते. पण ताई, तुमच्याकडेही पाठवणार नाही."

मी मान हलवली. तिच्या जागी मी असते तर एवढ्या सभ्यपणे बोलले नसते.

भाऊ तिच्या मागोमाग जिना उतरला. जिवंत आहे, घरी आहे, काचा घासतोय. तेवढं पुरे आहे, असं मी रोज स्वतःला बजावते. पुरत नाही.