नवनाथच्या चिठ्ठ्या

"इथल्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?" नवनाथनं विचारलं.

"काढून टाकल्या, दादा. अकराला पाहुणे येणार ना. किती कळकट दिसत होत्या," चैताली म्हणाली. नोकरीला लागून तिला जेमतेम महिना झाला होता आणि उत्साह नुसता उतू जात होता.

अंबडच्या त्या छोट्या कारखान्यात फायबर लेसर बनत. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून एकाच वेळी चार तरंगलांबींचा प्रकाश निघायचा, तोही सलग नाही, ठोक्याठोक्यानं. डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नसे. पडद्यावर आलेखाची चार शिखरं उमटली की समजायचं, जमलं. हे धागे जोडण्यात नवनाथचा हात धरणारं कुणी नव्हतं. नऊ वर्षांत त्याचं एकही मशीन परत आलं नव्हतं.

पण धाग्यांची आवरणं रंगीत होती, आणि नवनाथला लाल, हिरवा, तपकिरी सगळे सारखेच दिसत. इगतपुरीच्या या गड्याला रेल्वेनं लेखी परीक्षेनंतर याच कारणानं घरी पाठवलं होतं. तेव्हापासून बायकोशिवाय कुणाला त्यानं हे कळू दिलं नव्हतं. इथं धागा पाकिटातून काढतानाच, पाकिटावर छापलेलं रंगाचं नाव वाचून, तो त्याला आकड्याची चिठ्ठी लावून टाकायचा. लोकांना वाटे, माणूस फार टापटिपीचा.

शेवटचा जोड राहिला होता आणि समोर तीन टोकं होती. भलतंच टोक जोडलं तर प्रकाश उलटा फिरून मशीन जळणार. त्यानं दोनदा चिमटा उचलला, दोनदा खाली ठेवला. अंदाजानं ठोकून द्यावं असं मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"चैताली, यातलं हिरवं कोणतं, सांग."

ती हसली. "सकाळी सकाळी फिरकी घेताय का, दादा?"

"नाय. मला कळत नाय. कधीच कळलं नाय."

तिचं हसू मावळलं. पुढं काही न विचारता तिनं मधल्या टोकावर बोट ठेवलं. नवनाथनं जोड केला. पडद्यावर चार शिखरं उभी राहिली. पाहुणे आले, बघून खूश होऊन गेले.

"मी कुणाला सांगणार नाही, दादा," चैताली हळूच म्हणाली.

"आणि उद्या पुन्हा कुणी चिठ्ठ्या काढल्या म्हंजे?" असं म्हणून तो स्वतःच वेदिका मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

कारखाना मॅडमचाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नवनाथ, तुमच्यासारखा हात मला मिळायचा नाही. पण ही मशिनं हॉस्पिटलात जातात. आता कळल्यावर जोडणीला नाही ठेवता येणार हो. टेस्टिंगला या," त्या म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड गेलं.

नवनाथला वाईट वाटलं, फार वाटलं. तो टेबलाशी परत आला.

"बस," तो चैतालीला म्हणाला. "उद्यापासून हे तुझं. कोपर टेकवल्याशिवाय धाग्याला हात लावायचा नाय. श्वास सोडायचा, मग धागा ठेवायचा."

ती बसली, तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. नवनाथ खाली वाकला आणि त्यानं खुर्ची तिच्या उंचीला आणून दिली.