साच्याचा शेवटचा कोपरा

डब्याची पाच लाख झाकणं काढायला केलेला साचा पन्नास हजारांतच हात टेकून बसला. एका कोपऱ्यात पोलादाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले आणि झाकणांची कड जळकी निघू लागली. गिऱ्हाइकाने निरोप धाडला की पोलाद कच्चं वापरलंय, ज्याने हा साचा घडवला त्याच्या हातचा पुढचा नको. घडवला होता आक्काच्या धाकट्या दिराने, आणि तीस वर्षांत त्याने साच्यांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. निरोप आल्यापासून माणूस जेवणाचं ताट अर्धं टाकून उठत होता.

कारखान्याची मालकीण आक्का. शाळेशी तिचं कधी जमलं नाही, पण मशीनचं पोट दुखतंय की डोकं, हे ती आवाजावरून सांगायची. भाऊजी एकवेळ जेवण कच्चं खातील, पोलाद कच्चं घेणार नाहीत, असं म्हणून तिने सुनेला ते तपासायला बसवलं. पोलाद हवं तेवढं कडक निघालं.

मग सुनेला वाटलं, या प्लास्टिकमध्ये मजबुतीसाठी काचेचे तंतू असतात, त्यांनी घासलं असेल. आक्काने साच्यावरून बोट फिरवलं. घासायचंच तर प्लास्टिक आत शिरतं तिथे घासेल. तिथे तर तोंड दिसावं इतकं लख्ख होतं. खड्डे होते सगळ्यात शेवटी भरणाऱ्या कोपऱ्यात. म्हणजे तिथे हवा कोंडत होती, दाबाने तापून पेटत होती आणि पोलाद खात होती.

हवेसाठी दिराने केसाएवढ्या चिरा ठेवल्या होत्या. सुनेने भिंग लावलं. चिरा चेपून सपाट झाल्या होत्या. साच्याचे दोन्ही भाग कुणीतरी नको इतके आवळले होते.

सुनेने भिंग खाली ठेवलं. साच्याच्या फटीतून झाकणाला प्लास्टिकची झालर फुटली रे फुटली की साचा आवळायचा दाब वाढवा, हा हुकूम आक्काचाच. आमच्याकडे झालर दिसायची नाही, असं ती चारचौघांत मिरवायची.

"वहिनी, राहू द्या," दीर हळूच म्हणाला. "पोलाद कच्चं होतं असंच सांगू."

"माझं पाप तुमच्या पदरात? इतकी भिकेला नाही लागले मी."

तिने सगळ्यांसमोर गिऱ्हाइकाला फोन लावला. दाब मी वाढवला, साच्यात खोट नव्हती, आणि पुढचा भाऊजीच करतील. नको असेल तर माझं दारही विसरा, असं तिने ठणकावलं.  गिऱ्हाइकाने चेपलेल्या चिरांचे फोटो मागवले, आणि संध्याकाळी नव्या साच्याचं चित्र दिराच्या नावाने आलं.

त्याने चित्र पसरलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, मशीनवर दाब किती ठेवायचा.

"मला काय विचारता?" आक्का म्हणाली. "साचा तुमचा."