पिनांवरचं कुंकू

"काका, हे काय केलंत?"

दोन कॉटांच्या मध्ये वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर विनयच्या खोलीत राहणाऱ्या गुणाजीचे पाने, हातोडी, पाइप रेंच ओळीने मांडलेले. आणि टोकाला, डबीतून काढलेला विनयचा नवा प्रोसेसर. त्यावर ओलं कुंकू आणि कामगार कॅम्पच्या कुंपणावरचं कण्हेरीचं फूल.

"आज खंडेनवमी मा रे?" गुणाजी खुशीत होता. "माझ्या पान्यांबरोबर तुझापण ठेवलंय. हत्यारच मा ता? आता उद्यापर्यंत उचलू नको हां. पूजेक लावलेला हत्यार..."

"माझी परीक्षा आज आहे!"

विनयने फूल उडवलं. कुंकवाचे कण खालच्या सोनेरी पिनांमध्ये गेले होते.

सौदीतल्या दम्मामचं काम आटोपत आलं होतं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपण्याआधी दुसरी कंपनी मिळाली नाही, तर घरी परत. मुंबईच्या एजंटाने ऑनलाइन परीक्षा ठेवली होती. तिचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवरच चाले, आणि विनयच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चढेना. खोल्याखोल्यांत विचारलं, तर सगळ्यांकडे नुसते मोबाइल. म्हणून कालच हा प्रोसेसर आणला होता. गावी त्याच्या बायकोचे, अमिताचे, दिवस भरत आले होते. "नोकरी झाल्यात जमा आहे," असं तो तिला सांगून बसला होता.

त्याने ब्रशने पिना झाडल्या, जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

पुन्हा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा बसवला. काळाच.

"माझ्याकडे दी," गुणाजी लुंगीचं टोक पुढे करत म्हणाला, "मी नीट पुसतंय."

"हात लावू नका!" विनय ओरडला. "जिंदगीभर पाने फिरवलेत ना, तेवढंच करा! तुमच्या त्या कुंकवानं माझं वाटोळं केलं. जाल तिथे घाण करता."

शेजारच्या खोलीतला एकजण दारात येऊन डोकावून गेला. गुणाजीने लुंगीचं टोक सोडलं. वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि एकेक पाना पिशवीत भरू लागला, आवाज न करता.

परीक्षेची वेळ निघून गेली. एजंट फोनवर म्हणाला, "अहो, आम्ही पुढचा कॅन्डिडेट घेतला. मार्केट तुम्हाला माहितीये."

दुपारी असरच्या नमाजानंतर दुकानं उघडली, तेव्हा विनय मशीन घेऊन हुसेनमियाँकडे गेला. दम्माममधल्या निम्म्या हिंदी लोकांचे कॉम्प्युटर त्याच्याच टेबलावर दुरुस्त होत. त्याने भिंगातून पिना पाहिल्या.

"कुंकू पडलंय त्यात," विनय म्हणाला.

"कुमकुम? वो तो साफ है, भाई. प्रोसेसर भी अच्छा है." हुसेनमियाँने बोर्डावर बोट ठेवलं. "ये बोर्ड पुराना है, नए वाले को पहचानता ही नहीं. पुराना प्रोसेसर लगा था, तभी बोर्ड का अपडेट डालना था. नहीं डाला ना?"

विनयने नकारार्थी मान हलवली.

"सब यही गलती करते हैं," म्हणत हुसेनमियाँने जुना प्रोसेसर लावला, अपडेट टाकलं, मग नवा बसवला. पडदा उजळला. "यल्ला, ले जाओ. दौड़ेगा."

कॅम्पवर परतला तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं. आत गुणाजी बायकोशी फोनवर बोलत होता.

"तुळसा, विहिरीवरच्या पंपाक कुंकू लावलंस? मगे पुसून टाक. नुसते हात जोड... नाय गे, माका काय होऊचा हा? हय एका पोराची नोकरी गेली माझ्यामुळे... चांगलो हा गे पोर. वैतागात बोललो तो."

विनय बाहेर उभा राहिला. चूक कुंकवाची नव्हती, हे कसं सांगायचं ते त्याने येताना टॅक्सीत जुळवलं होतं. त्याने खांद्याने दार ढकललं.

गुणाजीने घाईने फोन बंद केला आणि वाट द्यायला उठला. चिंचोळ्या जागेत विनयच्या हातातलं मशीन जवळ आलं, तसे त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि अंग चोरून भिंतीला टेकून उभा राहिला.

"ये," तो म्हणाला. "सांभाळून."

विनयने मशीन टेबलावर ठेवलं आणि वायरी जोडत बसला.